ब्रूनोचे गुडघे आणि गडग्यावरचे डॉक्टर

पलीकडच्या वहिनींचा ब्रूनो सकाळी उठताना मागचे पाय ओढतो, ही बातमी आळीत ब्रूनोच्या आधी फिरून आली. आमच्या रत्नागिरीत दोन घरांच्या मध्ये चिऱ्याचा गडगा असतो. हद्द राखणं हे त्याचं कागदावरचं काम, खरं काम कोपर टेकायला जागा देणं. वहिनी गडग्याशी आल्या तेव्हा गॅसवर दूध ठेवून आल्या होत्या, त्यामुळे "दोनच मिनिटं हं काकू" म्हणाल्या. ते दूध पुढे उतू गेलं, पण त्याबद्दल त्यांनी मला अजून बोल लावलेला नाही.

तर ब्रूनो. लॅब्रॅडॉर, वय नऊ, वजन अडतीस किलो. असायला हवं तीसच्या आसपास. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, गुडघ्यांत झीज निघाली. दुखण्यावरचं औषध लिहून दिलं, वजन उतरवा म्हणाले, आणि वहिनी दारापर्यंत पोचल्यावर मागून म्हणाले, "ओमेगा-थ्री पण सुरू करा." घरच्यांच्या डोक्यात राहिलं ते एवढं शेवटचंच, कारण त्यात कुणाचीच तूप लावलेली पोळी बंद होत नव्हती.

"पण किती द्यायचं ते विचारायचं राहिलं," वहिनी म्हणाल्या. "आणि आता ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो."

सांगणारच. आमच्या आळीत माणसांचे डॉक्टर दोन आणि कुत्र्यांचे घरटी एक. कोपऱ्यावरचे नाना म्हणाले, रोज माशाच्या तेलाची एक कॅप्सूल पोळीत गुंडाळून घाला, आमचा टॉमी महिन्याभरात पळायला लागला. त्याच महिन्यात टॉमीचं अंथरूण माडीवरून खाली आलं आणि त्याचं जिना चढणं थांबलं, हे नाना सांगत नाहीत, त्यांच्या सूनबाई सांगतात. वरच्या घरातल्या आजी म्हणाल्या, मासे कशाला ते, जवस घाला. मासळीवाली मावशी म्हणाली, बाटलीतलं तेल कसलं घेता, माझ्याकडची तारली घ्या. समोरच्या अण्णांनी तर अख्खी बरणीच आणून दिली. मुलानं न्यू जर्सीहून बॅगेत घालून आणलेली, हातात मावणार नाही एवढी.

"अण्णा स्वतः का नाही घेत?" मी विचारलं.

"माशाचे ढेकर येतात म्हणे."

माझं आयुष्य औषधाच्या दुकानात काउंटरमागं गेलं. तिथं एक खोड जडली, बाटली हातात आली की ती आधी उलटी करायची. पुढची बाजू विकण्यासाठी छापलेली असते. म्हटलं, "तुम्ही घेतलेली बाटली आणा, आणि अण्णांची बरणीही आणा."

वहिनींच्या बाटलीवर पुढे ठळक अक्षरांत १००० मिलिग्रॅम. मागे, चष्मा लावूनही डोळे बारीक करावे लागतील अशा अक्षरांत, ईपीए १८० मिलिग्रॅम आणि डीएचए १२०. म्हणजे हजारातलं कामाचं ओमेगा-थ्री तीनशे. उरलेलं सातशे नुसतं तेल. ही १८०-१२० ची कॅप्सूल बाजारात सर्रास मिळते, आणि ती देणारा प्रत्येक जण समजतो की आपण कुत्र्याला हजार दिलं.

"मग तीनशे पुरत नाही का?"

इथं मी भाचीला फोन लावला. ती मुंबईला परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकली. १८८६ सालचं कॉलेज ते, पण भाची अगदी आजची आहे, मावशीला बरं वाटावं म्हणून काही बोलत नाही. फोन स्पीकरवर टाकून गडग्यावर ठेवला. ती म्हणाली, आधी वजन सांगा, मग आजार सांगा, मग बाटली वाचून दाखवा. नाव, जात, लाडाचं टोपणनाव काही नको.

हिशेब तिनं आमच्याकडूनच करून घेतला. कुत्र्याचं वजन दुप्पट म्हणून डोस दुप्पट होत नाही म्हणे. वजनाचा घन करायचा आणि त्याचं दोनदा वर्गमूळ काढायचं. वहिनींनी ब्रूनोचं असायला हवं ते वजन धरून मोबाईलवर तीस गुणिले तीस गुणिले तीस केलं, २७,०००. एक वर्गमूळ, १६४ आणि काहीतरी. पुन्हा वर्गमूळ, १२.८. याला सांधेदुखीसाठी ३१० नं गुणायचं. आकडा आला चार हजाराला जरा कमी. एवढे मिलिग्रॅम ईपीए आणि डीएचए मिळून, रोज. हा ३१० चा आकडा टेक्सासमधले पशुवैद्यकाचे प्राध्यापक जॉन बाऊर यांनी २०११ मध्ये मांडलेला. आणि कितीही झालं तरी ओलांडू नये अशी वरची हद्द ३७० ची, ती अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलची. म्हणजे तीस किलोच्या कुत्र्याला पावणेपाच हजाराच्या वर जायचं नाही.

वहिनींनी चार हजाराला तीनशेनं भागलं आणि फोनकडे बघत राहिल्या. "तेरा कॅप्सूल? अगो, तो कुत्रा आहे की देवमासा?"

भाची हसली नाही. म्हणाली, ३१० हा सांध्यांसाठीचा चढा डोस आहे, सगळ्यांत मोठा. अ‍ॅलर्जीची खाज असेल तर १२५ नं गुणतात, मूत्रपिंडाच्या आजारात १४०, हृदयाच्या ११५. दहा किलोच्या खाजऱ्या कुत्र्याला साताठशे मिलिग्रॅमवर भागतं. आणि साध्या कॅप्सूलऐवजी जास्त तीव्रतेची घेतली तर आकडा निम्म्यावर येतो. पण पहिल्या दिवशी तेरा घातल्या तर दुसऱ्या दिवशी अंगण धुवायची तयारी ठेवा. पाव डोसानं सुरुवात, मग तीन-चार आठवड्यांत हळूहळू वर, तेही त्याच्या डॉक्टरांना आकडा दाखवून.

मला इथं नानांची आठवण झाली. टॉमी असेल वीसेक किलोचा. त्याच्या सांध्यांना तीन हजाराच्या जवळपास लागणार, नाना देतात तीनशे. म्हणजे पोळीच्या चवीपलीकडे त्या कॅप्सूलनं फारसं काही केलं असेल असं मला वाटत नाही. पण नानांना हे कोण सांगणार? त्यांनी आळीत निदान पाच घरांना ती कॅप्सूल लावून दिली आहे.

"पण मुळात उपयोग होतो का हो?" वहिनींचा हा प्रश्न मला सगळ्यांत आवडला, कारण तो आळीत कुणीच विचारला नव्हता.

होतो, थोडा होतो, आणि सावकाश होतो. भाचीनं सांगितलं ते असं. पेशीच्या आवरणात अ‍ॅराकिडॉनिक नावाचं आम्ल असतं. इजा झाली की शरीर त्यातून सूज वाढवणारी रसायनं बनवतं. भरपूर ईपीए पोटात गेलं की ते हळूहळू त्या आम्लाची जागा घेतं, आणि त्यापासून बनणारी रसायनं बरीच सौम्य असतात. आवरणातली ही अदलाबदल व्हायला आठवडे जातात. म्हणून सोमवारी दिलं आणि गुरुवारी पळाला, असं कुणी सांगितलं तर तो गुण तेलाचा नव्हे.

२०१० मध्ये अमेरिकेत सांधेदुखीच्या १२७ कुत्र्यांवर सहा महिने याचा अभ्यास झाला. काहींना ओमेगा-थ्री भरपूर असलेलं खाद्य, काहींना साधं, आणि आपल्या कुत्र्याच्या ताटलीत कुठलं आहे ते मालकांना ठाऊक नव्हतं. सहाव्या आठवड्यात पहिल्या गटाच्या मालकांनी सांगितलं की उठणं-बसणं आणि खेळणं सुधारलंय. चालण्यातला फरक बाराव्या आठवड्यात दिसला. खाद्य बनवणाऱ्या कंपनीची माणसंच त्या अभ्यासात होती, हे भाचीनं न विचारता सांगितलं. मला ते आवडलं. पण मालकांना न सांगता केलेली तुलना आणि नानांची माडी यांत फरक आहेच की.

मूत्रपिंडाचा एक जुना प्रयोग तिनं सांगितला तो माझ्या लक्षात राहिला, कारण त्यात आपली करडई आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडाचं काम मुद्दाम कमी केलेल्या कुत्र्यांना वेगवेगळी तेलं-चरबी घालून बघितली. माशाच्या तेलावरच्या कुत्र्यांची मूत्रपिंडं टिकून राहिली, करडईच्या तेलावरच्यांची लवकर खालावली. आपण माणसांनी करडईचं तेल हृदयाला चांगलं म्हणून किती कौतुकानं आणलं घरात! कुत्र्याचं शरीर वेगळं, एवढंच त्यातून घ्यायचं.

मग अण्णांची बरणी पुढे ओढली. झाकण उघडल्याबरोबर वहिनींचा ब्रूनो, जो एरवी पाटाखालच्या पालीचाही मागोवा घेतो, तो मान फिरवून लांब जाऊन बसला. तारीख बघितली. मुदत संपून वर्ष उलटलेलं. मी सुईनं एक कॅप्सूल फोडून बोटावर घेतली. ताज्या तेलाला समुद्राचा वास असतो, जेमतेम. हिला जुन्या रंगाच्या डब्याचा वास होता, नाकात बसणारा. माशाचं तेल हवेनं, उजेडानं आणि उष्म्यानं फार लवकर खवट होतं. म्हणूनच चांगल्या कंपन्या त्यात ई जीवनसत्त्व घालतात आणि काळ्या-तपकिरी बाटलीत भरतात. आपल्याकडचा मे महिना, त्यात अण्णांनी बरणी ठेवलेली फ्रिजच्या डोक्यावर, जिथं मागच्या जाळीची ऊब येते. माणसानं खायची नाही म्हणून कुत्र्याला घालायची, ही आपल्याकडची रीत शिळ्या भातापुरती ठीक होती. खवट तेल कुणालाच नको. लहान बाटली घ्यावी, फोडल्यावर फ्रिजच्या आत ठेवावी आणि दोनेक महिन्यांत संपवावी.

एवढ्यात वहिनींचे यजमान तिसरी बाटली घेऊन आले. पिवळ्याधमक, गोल कॅप्सूल. "या स्वस्त पडतात. तेराच द्यायच्यात तर ह्याच देऊ की."

ती बाटली मी उलटी केली आणि सरळ माझ्या बाजूला ठेवून घेतली. कॉड लिव्हर ऑइल. हे माशाच्या अंगाचं तेल नव्हे, यकृताचं. त्यात ए आणि डी जीवनसत्त्वं भरलेली असतात, तीच तर त्याची जुनी कीर्ती. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेकडून येणारं कॉडचं तेल थांबलं तेव्हा आपल्या किनाऱ्यावर मुशीच्या यकृताचं तेल काढायला लागले, ते याच जीवनसत्त्वांसाठी. आमच्या पिढीनं नाक दाबून ते चमच्यानं गिळलंय. पण ही दोन्ही जीवनसत्त्वं लघवीवाटे निघून जात नाहीत, शरीरात साठतात. डी जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडं जातात. ए जास्त झालं की हाडं आणि सांधेच बिघडतात, म्हणजे ज्यासाठी द्यायला निघालो तेच. चांगल्या खाद्यात ही जीवनसत्त्वं आधीच घातलेली असतात. एखादी चुकून दिली तर एकवेळ खपेल. हिशेब करून तेरा द्यायच्या आणि त्या ह्या द्यायच्या, म्हणजे अर्धवट ज्ञानानं कुत्रा मारायचा. यजमान काही बोलले नाहीत, पण बाटली परत मागितलीही नाही.

आता आजींचा जवस. आजींना दुखवायची माझी छाती नाही, त्यामुळे हे वहिनींपुरतंच. जवसात ओमेगा-थ्री आहे, खोटं नाही, पण ते वेगळ्या रूपातलं. त्याचं ईपीए शरीराला स्वतः बनवावं लागतं आणि कुत्र्याचं शरीर त्यात अगदीच कच्चं आहे. शिवाय आजी पाठवणार ती जवसाची चटणी, आणि तिच्यात लसूण. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, तेव्हा चटणी तुमच्या भाकरीवर घ्या. घरात मासा अजिबात चालत नसेल त्यांच्यासाठी शेवाळ्याचं तेल निघालंय. माशाच्या अंगातलं ओमेगा-थ्री तरी येतं कुठून? समुद्रातल्या शेवाळ्यातूनच. त्या तेलात बहुधा डीएचए जास्त आणि ईपीए कमी असतं, किंमतही चढी असते, पण श्रावणात घरात शांतता राहते. आजींना शेवाळ्याचं तेवढं सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, शेवाळं उपासाला चालतं का.

मासळीवाल्या मावशीचं म्हणणं मात्र मला पटतं, आणि मला वाटतं आळीतल्या सगळ्या सल्ल्यांत तिचाच शहाणा होता. मिरकरवाडा बंदरात उतरणारी तारली आणि बांगडा हे तेलकट मासे, ओमेगा-थ्रीनं चांगले भरलेले, बाटलीच्या मानानं स्वस्त, आणि खवट व्हायच्या आत चुलीवर चढणारे. फक्त मोजमाप नाही. तारलीच्या अंगातली चरबी हंगामाप्रमाणे कमी-जास्त होते, त्यामुळे एका माशात किती मिलिग्रॅम ते मावशीही सांगू शकणार नाही. धडधाकट कुत्र्याला आठवड्यातून एक-दोनदा घालायला उत्तम. नुसत्या पाण्यात उकडायची, मीठ-तिखट काही नको, काटे काढायचे. आमटीतला तुकडा काढून धुऊन घातला तर तो न घातलेला बरा. सुकट-सुका बांगडा तर नकोच, त्यात मिठाचाच मारा असतो. सांध्यांचा मोजून डोस द्यायचा असेल तर मात्र बाटलीकडेच यावं लागतं.

काही कुत्र्यांना हे तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नये. स्वादुपिंडाला एकदा सूज येऊन गेलेला कुत्रा, त्याला खाण्यातली जास्तीची चरबी पुन्हा महागात पडू शकते. ऑपरेशनची तारीख ठरलेला कुत्रा. आणि आपल्याकडे पावसाळ्यात घरोघरी होतो तो गोचीड ताप, ज्यात प्लेटलेट खाली येतात. माशाचं तेल प्लेटलेटचं एकमेकींना चिकटणं थोडं मंदावतं, तेव्हा ज्याच्या प्लेटलेट आधीच तळाला गेल्यात त्याला आपल्या मनानं चढा डोस द्यायची हौस नको. आणखी एक. माणसांसाठी निघणाऱ्या गोड चवीच्या पातळ तेलात आणि चघळायच्या गोळ्यांत कधीकधी झायलिटॉल असतं. आपल्याला ती साधी बिनसाखरेची गोडी, कुत्र्याची साखर मात्र तासाभरात कोसळते. बाटलीच्या मागे तो शब्द दिसला की बाटली खाली ठेवायची. आणि तेलानं दुखणं थांबत नाही म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन तोडून घालणारे मी काउंटरवर पाहिलेत. त्यांना मी गोळी दिली नाही, दारातून परत पाठवलंय.

एवढं सगळं झाल्यावर भाचीनं फोन ठेवता ठेवता विचारलं, "वहिनी, त्याला दिवसभरात काय काय देता?"

वहिनी सांगायला लागल्या. सकाळी चहाबरोबर बिस्किटं, यजमानांच्या हातून. दुपारी भात. चारला मुलं शाळेतून आली की त्यांच्या डब्यातलं उरलेलं. रात्री पोळ्या, तूप लावून, कारण कोरडी तो खात नाही. मध्ये मध्ये काय, ते त्यांनाही आठवेना. यजमान एवढ्यात विहिरीवरचा पंप बघायला निघून गेले होते.

तेरा कॅप्सूल म्हणजे तेरा ग्रॅम तेल, म्हणजे एकशेवीसच्या आसपास कॅलरी, म्हणजे एक पोळी. तेल सुरू करायचं तर निदान एक पोळी बंद झालीच पाहिजे, नाहीतर सांध्यांचं औषध म्हणून आपण सांध्यांवरचंच ओझं वाढवतो. २०१० मध्येच स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला लठ्ठ आणि लंगड्या कुत्र्यांचं वजन हळूहळू उतरवून बघितलं. वजन सहा टक्क्यांनी कमी झालं तिथंच लंगडणं कमी दिसायला लागलं. कुत्री थोडीच होती त्या अभ्यासात, पण ब्रूनोच्या हिशेबात ते होतात सव्वादोन किलो. आणि ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांचा तो प्रसिद्ध अभ्यास, ज्याचा निकाल २००२ मध्ये आला, त्यात एकाच विणीतल्या जोड्यांपैकी एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला घालत आयुष्यभर सांभाळलं. कमी खाणारी साधारण पावणेदोन वर्षं जास्त जगली आणि त्यांना सांध्याच्या औषधाची गरज उशिरा पडली. एवढा गुण दाखवणारं माशाचं तेल अजून बाटलीत भरलेलं नाही.

वहिनींनी दुसऱ्या दिवशी बाटली, कागदावरचा हिशेब आणि ब्रूनो, तिन्ही डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी आकडा थोडा खाली आणला, जास्त तीव्रतेची कॅप्सूल लिहून दिली, दुखण्याचं औषध तसंच ठेवलं आणि महिन्यानं रक्त तपासायला सांगितलं. चहाबरोबरची बिस्किटं बंद झाली आहेत असं यजमान म्हणतात. पुड्यातली बिस्किटं वहिनी मोजून ठेवतात.

तुमच्या घरी कुत्रा असेल आणि कुणी गडग्यावरून फिश ऑइल सुचवलं, तर आधी त्याला वजनकाट्यावर उभा करा, बाटली उलटी करून ईपीए-डीएचए वाचा आणि तो कागद घेऊन त्याच्या डॉक्टरांकडे जा. आणि न्यू जर्सीहून आलेली मुदत संपलेली बरणी कपाटात असेल, तर ती कुत्र्याच्या ताटलीत रिकामी करू नका. घंटागाडी आली की तिच्यात टाका.